पावसाच्या दरीतली पिनो नॉयर

प्रश्न : ताई, अमेरिकन वाईन म्हटलं की मला फक्त कॅलिफोर्नियातलं नापा माहीत. पण माझा भाऊ ऑरेगनला राहायला गेलाय आणि सारखं तिथल्या विलॅमेट व्हॅलीच्या पिनो नॉयरचं, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या रेड वाईनचं, कौतुक करत असतो. तिथे तर खूप पाऊस असतो म्हणे, मग द्राक्षं पिकतात कशी? आणि हे सुरू कोणी केलं?

उत्तर : पाऊस असतो हे खरं, पण तो मुख्यतः हिवाळ्यात, उन्हाळा तिथे चांगला कोरडा जातो. काळजी असते ती तोडणीच्या वेळची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची, तेव्हा पाऊस लवकर आला तर बागाईतदाराच्या जिवाला घोर. आणि थंडीचं म्हणाल तर पिनो नॉयरला तीच हवी असते. पातळ सालीचं, लवकर पिकणारं द्राक्ष आहे ते, कडक उन्हात भराभर पिकतं आणि मग आंबटपणा आणि सुवास दोन्ही जातात.

हे ओळखलं डेव्हिड लेटनी. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात शिकलेला पंचविशीतला मुलगा, १९६५ मध्ये द्राक्षाच्या काड्या घेऊन ऑरेगनला आला, तिथे काही पिकणार नाही असं जाणकार सांगत होते तरी आला, आणि पुढच्या वर्षी विलॅमेट व्हॅलीतल्या डंडी हिल्स या टेकड्यांच्या लाल मातीत बाग लावली. ही माती ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली, निचरा उत्तम, म्हणून बागा दरीच्या तळाला कमी आणि उतारावर जास्त दिसतात. वाईनरीला पैसे कुठले, तर मॅकमिनव्हिल गावातली कोंबड्या-टर्कीच्या मांसाची जुनी फॅक्टरी होती, तिथेच काम सुरू. नाव ठेवलं आयरी.

मला सगळ्यात आवडतो तो १९७९ चा किस्सा. पॅरिसमध्ये गो-मियो या फ्रेंच मासिकाने वाईनची स्पर्धा ठेवली, नावं झाकून चव घ्यायची, आणि आयरीची १९७५ ची पिनो नॉयर बरगंडीच्या, म्हणजे पिनो नॉयरसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्सच्या प्रांताच्या, नामवंत वाईन्सच्या रांगेत वर जाऊन बसली. बरगंडीतले वाईन-व्यावसायिक रॉबर्ट द्रुअँ यांना ते पटेना, त्यांनी १९८० मध्ये स्वतःच्या निवडक वाईन्स मांडून पुन्हा चव घ्यायला लावली, तर आयरी दुसरी आली, पहिल्या नंबरपेक्षा अगदी थोडीशी मागे! आणि द्रुअँ यांचा मोठेपणा बघा, रुसून न बसता १९८७ मध्ये त्यांनी डंडी हिल्समध्येच जमीन घेतली, वाईन करायची जबाबदारी मुलीकडे, वेरोनिककडे दिली. बरगंडीच्या घराण्याने अशी पावती दिल्यावर आणखी काय हवं?

भावाकडे गेलात तर लेबल नीट वाचा. अमेरिकेत द्राक्षाच्या जातीचं नाव लावायला ७५ टक्के तेच द्राक्ष पुरतं, ऑरेगनमध्ये पिनो नॉयर लिहायला मात्र निदान ९० टक्के लागतं. आणि उच्चार विलॅमेटच, जोर ‘लॅ’वर, नाहीतर तिथली माणसं लगेच दुरुस्त करतात.