गर्भपाताआधी इन्फेक्शनची टेस्ट खरंच लागते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सातवा आठवडा चालू आहे, पुढच्या आठवड्यात घणसोलीत पिशवी साफ करायची आहे. अंगावरून पांढरं जातं म्हणून डॉक्टरांनी आधी क्लॅमिडिया आणि गोनोरिया या संबंधातून पसरणाऱ्या इन्फेक्शनची टेस्ट सांगितली, आणि तुम्हाला वाटतंय की हे बिल वाढवायचं काम आहे. शिवाय नवऱ्याला काय सांगायचं, हाही प्रश्न आहेच.

टेस्ट करा. माझी कुणी केली नव्हती.

2016 साली ठाण्यात एका छोट्या नर्सिंग होममध्ये माझी पिशवी साफ केली. कुणी काही विचारलं नाही आणि पांढरं जातं हे मीही सांगितलं नाही. अशक्तपणाने सगळ्यांनाच जातं, असं आई म्हणायची. पाचव्या दिवशी ओटीपोटात इतकं दुखायला लागलं की कळवा स्टेशनचा जिना मी कठड्याला धरून उतरले. अंगात ताप होता, वास येत होता. सासूबाईंना पाळीचं दुखतंय म्हणून सांगितलं आणि तापाच्या गोळ्यांवर तीन दिवस काढले. ते तीन दिवस मला अजून सलतात.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी हे जंतू महिनोन्‌महिने गप्प बसून राहू शकतात. क्लॅमिडियात तर बहुतेक बायकांना काहीच त्रास जाणवत नाही. एरवी त्या तोंडाशी घट्ट चिकट स्राव असतो, तो जंतूंना वर जाऊ देत नाही. पिशवी साफ करताना तेच तोंड उघडतं आणि खालचे जंतू आत पिशवीत, तिथून नळ्यांपर्यंत पोचतात. नळ्यांना सूज येऊन व्रण राहिले तर पुढे दिवस राहायला अडचण येते, किंवा गर्भ नळीतच अडकतो आणि जिवावर बेततं. मला पिवळ्या पाकिटातली चौदा दिवसांची औषधं मिळाली. ताप गेला, दुखणं थांबलं. पण चार वर्षांनी तपासणीत उजवी नळी बंद निघाली.

तुमचं पांढरं जाणं साध्या बुरशीचंही असू शकतं. ते टेस्टनेच कळेल. पण रिपोर्टसाठी गर्भपात लांबवू नका. स्वॅब घेऊन त्याच दिवशी अँटिबायोटिक देता येतं. पिशवी साफ करण्याआधी ते द्यावंच, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ‘आधी अँटिबायोटिक देणार ना?’ हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. गोळ्यांनी गर्भपात केला तर सरसकट अँटिबायोटिक लागत नाही, पण आधीचं इन्फेक्शन असेल तर त्याचे उपचार तेव्हाही हवेतच.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात अशा इन्फेक्शनसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे औषधं फुकट मिळतात. जवळचं कुठे आहे ते 1097 या सरकारी हेल्पलाइनवर विचारा.

आता नवऱ्याचं. गर्भपातासाठी त्याची सही कायद्याने लागत नाही. तुम्ही अठरा पूर्ण आहात, तुमची संमती पुरते. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्यालाही औषध हवंच, त्याला काहीही त्रास नसला तरी. नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि पुन्हा तेच लागेल. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत, आणि एकच डोस असेल तर त्यानंतर सात दिवस, संबंध नकोत. कुणाकडून आलं हे रिपोर्ट सांगत नाही. लग्नाआधीचंही असू शकतं. माझा नवरा दोन दिवस गप्प होता, तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दवाखान्यात आला. घरी बोलायची भीती वाटत असेल तर डॉक्टरांनाच त्याला बोलावून सांगायला सांगा.

गर्भपातानंतर थोडं दुखणं आणि रक्त जाणं असतंच. गोळ्या घेतल्या तर पहिल्या दिवशी थंडी वाजून कणकणही येते. पण एका दिवसानंतरही ताप राहिला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, घाण वास यायला लागला किंवा दोन तास ओळीने तासाला दोन पॅड भिजले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा करा आणि दवाखाना गाठा. गर्भपात झालाय हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगा.