अर्धा कप काकवी म्हणजे किती ग्रॅम?

ताई, बचत गटाच्या ज्वारीच्या बिस्किटांच्या कृतीत अर्धा कप मध सांगितला होता, त्याऐवजी आपण लातूरकडच्या गुऱ्हाळातली काकवी वजनकाट्यावर १२० ग्रॅम घेतली आणि बिस्किटे भुसभुशीत होऊन तुटली, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते गफलत मापात झाली आहे. अर्धा कप म्हणजे १२० मिलिलिटर हे बरोबर; मात्र १२० मिलिलिटरचे वजन १२० ग्रॅम भरते ते पाण्याचे. मधात पाणी साधारण १७-१८ टक्के आणि बाकी जवळजवळ सगळी साखर असल्यामुळे एक मिलिलिटर मध सुमारे १.४२ ग्रॅम भरतो, म्हणजे अर्धा कप मध सुमारे १७० ग्रॅम होतो. आपल्या पिठात तब्बल ५० ग्रॅम गोड पाक कमी पडला, आणि ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने ती उणीव लगेच दिसली.

मधाचे गणित पाठ करण्याजोगे आहे: १५ मिलिलिटरचा मोठा चमचा २१ ग्रॅम, ५ मिलिलिटरचा छोटा चमचा ७ ग्रॅम, २४० मिलिलिटरचा कप ३४० ग्रॅम. समान वजनाची साखर आणि पाणी घेऊन केलेला साधा पाक बराच हलका, मिलिलिटरला सुमारे १.२३ ग्रॅम असतो. मेपल सिरप १.३२ च्या आसपास येते.

काकवीसाठी मात्र मी कोणत्याही कोष्टकावर विसंबणार नाही, कारण गूळ होण्याआधी कढईतून ती किती लवकर काढली यावर तिचा दाटपणा ठरतो आणि एकाच गुऱ्हाळाच्या दोन काहिलींतही फरक पडू शकतो. त्यामुळे प्रत्येक नव्या डब्याचे माप घरीच काढावे. स्टीलची एक वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, ती काठोकाठ पाण्याने भरून वजन लिहून ठेवावे, मग वाटी पूर्ण कोरडी करून तितकीच काकवी भरावी आणि काकवीच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागावे. समजा पाणी १५० ग्रॅम आणि काकवी २०७ ग्रॅम भरली, तर आकडा १.३८ येतो, आणि अर्ध्या कपासाठी १२० गुणिले १.३८ म्हणजे १६६ ग्रॅम काकवी लागेल. काकवीवर फेस असेल तर तो बसेपर्यंत थांबावे, कारण फेसातली हवा जागा व्यापते पण वजन देत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात काकवी पाण्यासारखी वाहू लागते, तेव्हा ती हलकी झाली असे वाटते. प्रत्यक्षात २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत गेल्यावर घनतेत जेमतेम एखाद्या टक्क्याचा फरक पडतो, त्यामुळे बिस्किटांपुरते तिकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

काही वजनकाट्यांवर मिलिलिटरचे बटण असते, त्यापासून सावध राहावे. तो काटा मोजतो वजनच, आणि पदार्थ पाणी किंवा दूध आहे असे धरून मिलिलिटरचा आकडा दाखवतो. काटा ग्रॅमवरच ठेवावा, पिठाचे भांडे त्यावर ठेवून शून्य करावे आणि काकवी थेट त्यातच ओतावी. कपाला चिकटून राहणारी काकवी मग वायाही जात नाही आणि हिशेबातूनही सुटत नाही. पुढच्या घाण्याला १६५ ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि पीठ मुठीत दाबून गोळा धरते का, ते पाहावे.