उसाच्या पट्ट्यातल्या मुलीला गव्हाचा नाद

प्रश्न : कागल तालुक्यात आमची चार एकर शेती, सगळा ऊस. मुलगी बारावी सायन्सला आहे. तांबेरा न पडणारा गहू तयार करण्याचं काम करायचं, असं तिनं मनाशी धरलंय. आम्ही म्हणतो, फार्मसी कर. गव्हावर पोट भरेल का? – एक पालक

उत्तर : पोट भरेल, पण कोल्हापुरात बसून नाही. गव्हाचं काम निफाडला, पुण्याच्या आघारकर संस्थेत, धारवाडला, कर्नालला चालतं. तांबेरा हा बुरशीचा रोग, थंड, दमट हवेत तो फोफावतो, म्हणून महाबळेश्वरात गेरवा संशोधन केंद्र आहे. (तांबेऱ्याला जुनी माणसं गेरवाच म्हणतात.) मुलगी घरापासून लांब राहील, हे आधी मनाशी पक्कं करा.

दुसरं, हे काम संपत नाही. बुरशी रूप बदलते. राय धान्यातून गव्हात आणलेलं एसआर३१ हे जनुक कितीतरी देशांतल्या वाणांना काळ्या तांबेऱ्यापासून वाचवत होतं. १९९८ मध्ये युगांडात त्यालाही न जुमानणारी बुरशी सापडली. तिलाच पुढं युजी९९ नाव पडलं. म्हणून आता एका जनुकावर कुणी विसंबत नाही, एकाच वाणात दोन-तीन जनुकं गोळा करतात. त्यातली एसआर१३ आणि एसआर१४ आपल्या खपलीतून मिळाली. होय, ज्याची आपण खीर करतो तोच खपली गहू! नवा वाण शेतकऱ्याच्या हाती पडायला आठ-दहा वर्षं सहज जातात. तेवढा धीर असलेली मुलं मला थोडीच भेटतात.

वाट सरळ आहे : एमएचटी-सीईटी, चार वर्षांची बीएस्सी कृषी (त्यासाठी कोल्हापुरातलंच कृषी महाविद्यालय आहे), मग वनस्पती पैदास किंवा रोगशास्त्रात एमएस्सी, पीएचडी. सरकारी संशोधनातल्या जागा मोजक्याच, स्पर्धा मोठी. बियाणे कंपन्या असतात, पण त्यांचा ओढा मका, कापूस, भाजीपाल्याकडं जास्त. तरी शिक्षण वाया जात नाही. तांबेरा तुमच्या उसावरही पडतो, आणि पाडेगावला, मांजरीला उसाच्या नव्या वाणांचं काम चालतं. गव्हावर बसलेला हात तिथंही चालतो. फार्मसीबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलीनं मागितलेली नाही, हे तुमच्याच पत्रात आहे.

तिची आवड खरी की नुसती हौस, हे मात्र मार्कांवरून कळणार नाही. नोव्हेंबरात उसाच्या कडेला दोन ओळी गहू टाकू द्या. जानेवारीत ओंबी पोटरीतून (वरच्या पानाच्या म्यानातून) बाहेर पडली की एका रविवारी सकाळी तिच्या हातात बारीक चिमटा द्या. परीक्षा तोंडावर असेल, म्हणून एकच सकाळ. गव्हाच्या प्रत्येक फुलात तीन पुंकेसर, म्हणजे पराग देणारे नर भाग, असतात. ते हिरवे असतानाच, परागकोश न फोडता उपटायचे. एका ओंबीतली वीस फुलं पुरेत, बाकीची छाटून टाका. मान अवघडते, डोळे भरून येतात. संकर करताना पुढं दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग टाकतात. तुम्ही टाकू नका. लगेच बटर पेपरची पिशवी चढवून बांधा.

महिन्याभरानं पिशवी सोडा. पराग मिळालाच नाही, तर ओंबीत एकही दाणा भरलेला नसायला हवा. जिथं दाणा दिसेल, तिथं तिच्याकडून एखादा पुंकेसर राहिला किंवा फुटला. किती दाणे निघाले ते मला कळवा, मग पुढचं बोलू.