थंडीतली लिथियम बॅटरी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ट्युब्युलर बॅटरी काढून १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम बसवली. पॅनेल आणि सोलर कंट्रोलर जुनेच आहेत. दिवाळीपर्यंत तक्रार नव्हती. जानेवारी लागल्यापासून सकाळी नऊ-साडेनऊला माजघरातले डीसी दिवे एकदम भगभगतात आणि विझतात. थोड्या वेळाने आपोआप येतात. थंडीने बॅटरी गेली का? (दापोली)

उत्तर : बॅटरी ठणठणीत असावी. घोळ कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला (तुमची जुनी ट्युब्युलर याच जातीची) थंडीत जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून जुने कंट्रोलर २५ अंशांखाली दर अंशामागे, दर सेलमागे साधारण ४ मिलिव्होल्ट वाढवतात. सहा सेलचे झाले २४ मिलिव्होल्ट. सकाळी तापमानाच्या सेन्सरजवळ १३ अंश असतील तर १२ अंशांचा फरक, म्हणजे जवळपास ०.२९ व्होल्ट. सेटिंग १४.४ असलं तरी बॅटरीच्या टोकांवर १४.६९ येतात. तुमच्या बॅटरीतल्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलांत ते वाटले की सेलमागे ३.६७. सेलची मर्यादा ३.६५. चारही सेल कधीच तंतोतंत सारखे नसतात; जो पुढे असतो तो आधी मर्यादा ओलांडतो आणि बीएमएस (बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट) चार्जिंग तोडतो. पॅनेलची वीज घेणारं कुणी उरत नाही, कंट्रोलरचं व्होल्टेज उसळतं, दिवे भगभगतात आणि मग कंट्रोलरच लोड बंद करतो.

कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार ‘लिथियम’ किंवा ‘यूझर’ करा. अ‍ॅब्सॉर्प्शन (भरण्याच्या शेवटच्या टप्प्याचं व्होल्टेज) १४.२ व्होल्ट, वेळ अर्धा तास, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) १३.५; टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (थंडीत व्होल्टेज वाढवणं) शून्य; इक्वलायझेशन (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरणं) बंद. हे शेवटचं विसरू नका, कारण ट्युब्युलरसाठीचं इक्वलायझेशन १५ व्होल्टच्या वर जातं. कॉम्पेन्सेशन शून्य होत नसेल आणि सेन्सर वेगळ्या वायरीवर असेल, तर तो काढून पाहा. बरेच कंट्रोलर मग २५ अंश धरून चालतात. सेन्सर कंट्रोलरच्या पोटातच असेल तर कंट्रोलर बदलणं हाच उपाय, त्यात काटकसर नको. वायरी काढताना आधी पॅनेलची, मग बॅटरीची. जोडताना आधी बॅटरीची, मग पॅनेलची. सेटिंगनंतर भर दुपारी मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावून १४.२ दिसतात का ते बघा; कंट्रोलरच्या पडद्यावर विसंबू नका.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, कोकणात आता थंडी वाढली आहे, हीटर असलेली लिथियम बॅटरीच घ्या. घ्यावी का? (कणकवली)

उत्तर : नको. हीटर शून्याखालच्या चार्जिंगसाठी असतो. आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही पारा तिथवर उतरत नाही. तेच पैसे बॅटरीचं ऊन टाळण्यात घाला. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंश सहज होतात, आणि बॅटरीचं आयुष्य त्याने घटतं. पडवीतल्या सावलीच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर वर, चारी बाजूंनी हवा खेळेल अशी ठेवा.

प्रश्न : पॅनेलवर ‘ओपन सर्किट व्होल्टेज ४९.६’ लिहिलं आहे. तीन पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे १४८.८. एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलर १५० व्होल्टचा. इलेक्ट्रिशियन म्हणतो बसतंय. (संगमेश्वर)

उत्तर : कागदावर बसतंय, पौषातल्या सकाळी बसणार नाही. पॅनेलवरचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो. सेल थंड झाले की व्होल्टेज चढतं. पॅनेलच्या माहितीपत्रकात त्याचा गुणक दिलेला असतो, बहुतेक पॅनेलांना दर अंशाला ०.२५ ते ०.३५ टक्के. ०.२७ धरा : १२ अंशांच्या सकाळी १३ अंशांचा फरक, साडेतीन टक्के वाढ, एकूण १५४ व्होल्ट. ऊन कोवळं असलं तरी व्होल्टेज जवळपास पूर्ण येतं. कमी असतो तो करंट. आणि १५० च्या कंट्रोलरला १५४ एकदाही पुरे. दोन पॅनेल सिरीजमध्ये घ्या, तिसऱ्याला जोडीदार आणून अशा दोन जोड्या पॅरलल करा. तीनच ठेवायची असतील तर २५० व्होल्टचा कंट्रोलर लागेल. कोकणात हिशेब सकाळचं तापमान ५ अंश धरून करावा.

प्रश्न : व्हॅनमध्ये १०० एएच लिथियम आणि टपावर २०० वॅटचं पॅनेल आहे. फेब्रुवारीत हिमाचलातल्या स्पितीला जायचं आहे. रात्री उणे १५-२० असतं म्हणतात. बॅटरी टिकेल? (चिपळूण)

उत्तर : वापरायला टिकेल. उणे २० पर्यंत डिस्चार्ज चालतो, फक्त क्षमता खूप घटते. चार्जिंग मात्र सेलचं तापमान शून्याखाली असताना अजिबात नको. थंडीत लिथियमचे आयन सेलच्या ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत वेळेवर शिरू शकत नाहीत आणि त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. तेवढी क्षमता कायमची जाते. साचत राहिलं तर आत शॉर्ट होण्याचाही धोका. बाहेरून काहीच कळत नाही, बॅटरी फुगत नाही की वास येत नाही.

फसगत होते ती सकाळी. तिकडचं ऊन लख्ख, पॅनेल उजाडताच काम सुरू करतं आणि रात्रभर गारठलेली १२ किलोची बॅटरी दुपारपर्यंत थंडच असते. तेव्हा निघण्याआधी बीएमएसच्या अ‍ॅपमध्ये सेलचं तापमान दिसतं का ते बघा आणि चार्जिंगचा लो टेंपरेचर कट-ऑफ २ अंश, पुन्हा सुरू ५ अंश असा ठेवा. काही स्वस्त बीएमएसना हा सेन्सरच नसतो. तसं असेल तर सकाळी पॅनेलचा एमसीबी हाताने पाडून ठेवायचा आणि इंजिनवरून होणारं चार्जिंगही बंद ठेवायचं.

बॅटरी गाडीच्या आत घ्या. ५० मिलिमीटर थर्माकोलची पेटी करा, तळाशी ३० वॅटचा १२ व्होल्ट हीटिंग पॅड, त्यावर २ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा, मग बॅटरी. पत्रा वगळला तर उष्णता एकाच जागी साचते. थर्मोस्टॅट ५ ला चालू, १० ला बंद. उणे १० वरून ५ अंशांवर आणायला १२ किलोच्या बॅटरीला साधारण ५० वॅट-तास लागतात. म्हणजे तिच्या १,२८० वॅट-तासांपैकी ४ टक्के, वर गळतीचे थोडे. पॅड पावणेदोन-दोन तास चालेल आणि ही वीज बॅटरी स्वतःच देऊ शकते. ५ ते १० अंशांत चार्जिंग १० ते २० अँपिअरच्या वर नेऊ नका.

प्रश्न : होडीवर दिवे, जीपीएस आणि वायरलेससाठी लिथियम घेतली. जागा नाही म्हणून बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवली आहे. अ‍ॅपमध्ये ३-४ अंश दिसतात. चालेल? (हर्णै)

उत्तर : कोकणात शून्याची भीती खरी असेल तर ती इथेच. नुसता बर्फ शून्यावर असतो, पण त्यात मीठ मिसळलं की पारा त्याखाली उतरतो. शिवाय थंड बॅटरीवर दमट हवेचं पाणी सुटतं आणि टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर धरतो. कप्पा आणि बॅटरी यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा, मग ५० मिलिमीटर थर्माकोल आणि मरीन प्लाय द्या. इंजिनाच्या खोलीत हलवू नका, तिथे उलटा, उष्णतेचा त्रास. लग (वायरीच्या टोकाचे जोड) कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचे घ्या. आधी बोल्ट घट्ट आवळा, पेट्रोलियम जेली त्यानंतर वरून लावा. संपर्काच्या पृष्ठभागांमध्ये नको.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो : इंजिनाचा स्टार्टर या बॅटरीवर टाकू नका. डिझेल इंजिन ओढताना लागणारा करंट बीएमएसला झेपत नाही. स्टार्टरला लेड-अ‍ॅसिड वेगळी असू द्या. इंजिनावर वीज तयार करणारा अल्टर्नेटरही लिथियमला थेट जोडू नये, कारण ती भरताना त्याला दमवते आणि बीएमएसने अचानक तोडलं तर व्होल्टेजच्या उसळीने डायोड जातात. मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (करंट मर्यादेत ठेवून भरणारा) हवा.

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीत बॅटरी उतरवून घरी आणा. अर्धी भरलेली ठेवा, तासभर विसावल्यावर १३.१ ते १३.२ व्होल्ट दिसले पाहिजेत. निगेटिव्हची केबल काढून ठेवा; जीपीएस किंवा इन्व्हर्टरचा स्टँडबाय तसाच राहिला तर बॅटरी पार रिकामी होते आणि ऑगस्टमध्ये साधा चार्जर तिला उठवू शकत नाही.