‘पार्स करणे’ला मराठीत काय म्हणावे आणि ‘एरर’ला काय?

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेविषयी मराठीतून लिहू पाहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, साध्या मजकुरातून संरचित विदा (डेटा) तयार करण्याच्या क्रियेला, म्हणजेच पार्सिंगला, ‘पृथक्करण’ म्हणावे, ‘विश्लेषण’ म्हणावे की मूळ शब्दच ठेवावा. आणि ती क्रिया फसल्यावर जी ‘एरर’ मिळते तिला चूक, त्रुटी, दोष, अपवाद यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मराठी व्याकरणाबाहेर जाण्याची गरज नाही. ‘पार्स’ हा इंग्रजी शब्द मुळात व्याकरणातलाच आहे. ‘भाग’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो आला आणि वाक्यातील प्रत्येक पद कोणत्या जातीचे आहे हे सांगणे, असा त्याचा अर्थ होता. आपल्याकडे याच क्रियेला ‘व्याकरण चालवणे’ किंवा ‘पदपरिस्फोट’ म्हणतात. ‘मुलीने पत्र वाचले’ या वाक्याचे व्याकरण चालवताना ‘मुलीने’ हे सामान्यनाम, स्त्रीलिंगी, एकवचनी, तृतीया विभक्तीतील आणि वाक्याचा कर्ता आहे, असे आपण सांगतो. येथे वाक्याचे केवळ तुकडे झालेले नाहीत. प्रत्येक तुकड्यासाठी जात, लिंग, वचन, विभक्ती असे ठरलेले रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात कोणती मूल्ये येऊ शकतात हेही आधीच ठरलेले आहे. लिंगाच्या रकान्यात तीनच पर्याय संभवतात, चौथा नाही. रस्टमध्ये ‘स्ट्रक्ट’ म्हणजे असे रकाने आणि ‘एनम’ म्हणजे असे मोजके पर्याय. त्यामुळे पदपरिस्फोट हा शब्द या कामाच्या जितका जवळ जातो तितके दुसरे कोणतेही प्रतिशब्द जात नाहीत.

‘पृथक्करण’ हा शब्द मला अपुरा वाटतो तो याच कारणाने. वाक्यपृथक्करणात उद्देश्य आणि विधेय वेगळे केले जातात, हे खरे. पण प्रोग्रॅमिंगच्या संदर्भात तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात वेगळे करण्याचीच क्रिया उभी राहते. रस्टमध्ये त्यासाठी ‘स्प्लिट’ ही स्वतंत्र पद्धत (मेथड) आहे. ‘मीरा;३४’ अशी ओळ अर्धविरामावर तोडली तर हाती दोन मजकूरच येतात; त्यांतील दुसरा, ‘३४’, हाही मजकूरच आहे, वय नव्हे. तो ‘पार्स’ने संख्येत बदलला की मगच त्याला वयाची ओळख मिळते. ‘विश्लेषण’ तर विदेच्या विश्लेषणासाठी रूढ झालेलाच आहे, तो येथे आणला की घोटाळा होईल. ‘पदच्छेद’ मात्र वाया घालवू नये: सलग मजकुरातून अर्थपूर्ण घटक सुटे करण्याच्या पायरीला, ज्याला टोकनायझेशन म्हणतात, तो चपखल बसतो.

व्याकरण चालवण्याशी असलेले साम्य आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. ‘वर’ हा शब्द एकटा दिला तर त्याचे व्याकरण चालवता येत नाही. तो नाम आहे, क्रियाविशेषण आहे की शब्दयोगी अव्यय, हे वाक्यावरून ठरते. रस्टची ‘पार्स’ पद्धतही अशीच आहे. एका आकड्याचा मजकूर पूर्णांक होऊ शकतो, अपूर्णांक होऊ शकतो, एकच अक्षर होऊ शकतो. काय व्हायचे आहे तो प्रकार (टाइप) आजूबाजूच्या कोडमधून कळला नाही, तर कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, पुढे जायला नकार देतो आणि प्रकार स्पष्ट करण्यास सांगतो. ज्या प्रकारासाठी ‘फ्रॉमस्ट्र’ हा ट्रेट, म्हणजे प्रकाराला ठरावीक क्षमता देणारा करार, लिहिलेला आहे, त्याच प्रकारात मजकूर असा पार्स करता येतो, आणि आपण घडवलेल्या प्रकारासाठीही तो लिहिता येतो.

तरीही लेखात ‘पदपरिस्फोट करणे’ असे दर ओळीला लिहावे, असे मी सुचवणार नाही. पहिल्या उल्लेखात त्याची ओळख करून द्यावी आणि पुढे ‘पार्स करणे’ हेच क्रियापद वापरावे. ‘करणे’ जोडून मराठीने असे कितीतरी शब्द आपलेसे केले आहेत.

एररचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण येथे शब्द चुकला तर समजूतही चुकते. ‘अपवाद’ हा शब्द सर्वांत आधी बाजूला ठेवावा. जावा, पायथन यांसारख्या भाषांत एक्सेप्शन फेकले जाते आणि कोडचा नेहमीचा प्रवाह मोडून ते कुठेतरी वर पकडले जाते; त्याला अपवाद म्हणणे ठीक आहे. रस्टमध्ये ही यंत्रणाच नाही. पार्स केल्यावर ‘रिझल्ट’ नावाचे मूल्य परत मिळते, ज्यात एकतर ‘ओके’खाली हवी ती संख्या असते किंवा ‘एरर’खाली न जमण्याचे कारण असते, आणि हे कारणही इतर मूल्यांसारखेच एक मूल्य असते. ‘चूक’ म्हटले की ती कोणी केली हा प्रश्न लगेच येतो, आणि वापरणाऱ्याने वयाचा रकाना रिकामा ठेवला तर त्यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची चूक असतेच असे नाही. ‘दोष’ हा शब्द बगसाठी, म्हणजे कोडमधल्याच चुकीसाठी, राखून ठेवावा. उरते ‘त्रुटी’, तिच्यात उणिवेचा, काही अपुरे राहिल्याचा अर्थ आहे आणि कोणावर ठपका नाही. म्हणून माझे मत त्रुटीच्या बाजूने आहे.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. रिझल्ट मिळाला आणि तो तसाच सोडून दिला तर कंपायलर इशारा देतो, म्हणून ‘त्रुटीची दखल घेणे’ हे शब्द येथे नेमके बसतात. २०१६ साली रस्टच्या १.१३ आवृत्तीत आलेले प्रश्नचिन्हाचे चिन्हक (ऑपरेटर) मात्र दखल घेत नाही. फंक्शन तेथेच थांबवून ते त्रुटी बोलावणाऱ्या फंक्शनकडे परत पाठवते, आणि गरज असेल तर वाटेत तिचा प्रकारही बदलून देते. त्याला ‘त्रुटी वर सोपवणे’ म्हणावे. ‘अनरॅप’ने त्रुटी असताना मूल्य मागितले तर प्रोग्रॅम ‘पॅनिक’ करतो, म्हणजे पुढे न जाता तेथेच कोलमडतो, आणि त्यासाठी मराठी शब्द घडवण्यापेक्षा पॅनिक हाच ठेवलेला बरा, कारण ‘घबराट’ म्हटल्याने काहीच उलगडत नाही.

आता त्रुटीच्या संदेशांचा अनुवाद. पूर्णांक पार्स करताना येणाऱ्या त्रुटींचे रस्टने प्रकार पाडले आहेत: मजकूर रिकामा आहे, संख्या त्या प्रकारात मावत नाही (आठ बिटांच्या चिन्हरहित, म्हणजे ऋण न होऊ शकणाऱ्या, पूर्णांकात २५५ मावते, २५६ मावत नाही), किंवा मजकुरात अवैध अंक आहे. या शेवटच्या संदेशाचा शब्दशः अनुवाद मराठी वाचकाची दिशाभूल करील. वर दिलेल्या ओळीत ३४ देवनागरी अंकांत आहे. तो मजकूर रस्टच्या प्रमाण पार्सला दिला तर हीच त्रुटी मिळेल, कारण तेथे केवळ आंतरराष्ट्रीय अंक (0 ते 9) चालतात. वास्तविक युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना संगणकीय क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, दृष्टीने ‘३’ हा अंकच आहे आणि अक्षर संख्यावाचक आहे का हे विचारणारी रस्टची पद्धतही होकारच देते. संख्येपुढे किंवा मागे मोकळी जागा राहिली, अथवा चिन्हरहित पूर्णांकासाठी ऋण चिन्ह लिहिले, तरी त्रुटी तीच. आणि त्या दोन्हींत तर नडणारी गोष्ट अंकच नाही. म्हणून ‘अवैध अंक आढळला’ असे न लिहिता ‘येथे न चालणारे चिन्ह आढळले’ असे लिहावे, आणि शक्य असेल तेथे ते चिन्ह व त्याचे ओळीतील स्थानही सांगावे. प्रमाण त्रुटीत ही माहिती नसते. त्यासाठी स्वतःचा त्रुटीप्रकार एनम म्हणून लिहावा लागतो आणि त्यात रकान्याचे नाव, ओळीचा क्रमांक व मूळ त्रुटी साठवावी लागते.