गाडीच्या स्पार्क प्लगच्या नव्या वायरींवर रबरी बूट (टोकाच्या टोप्या) चढत नाहीत, तेल लावून चढवू का?

तेल लावू नका. इंजिन ऑइल नको, खोबरेल नको आणि बेअरिंगचं ग्रीसही नको. दुकानदार सहज सांगून मोकळा होतो, पण काळ्या रबराचे बूट बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराचे असतात. खनिज तेलाने हे रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याची पकड जाते. आज बूट सर्रकन चढेल, पण काही महिन्यांनी तसाच सर्रकन निघूनही येईल.

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ८ मिमीची सिलिकॉन वायर मीटरवर आणलीत, टर्मिनल (प्लगवर बसणारं धातूचं टोक) आणि काटकोनी बूट वेगळे घेतलेत, आणि बूट मानेपाशीच, म्हणजे वायर शिरते त्या अरुंद तोंडापाशीच, अडतोय. मग आधी बूट कोणत्या मापाचा आहे ते बघा. जुन्या गाड्यांना सर्रास ७ मिमीची वायर असायची, त्यामुळे दुकानात सुटे बूटही बरेचदा त्याच मापाचे मिळतात. ७ चा बूट ८ च्या वायरवर जोर लावून चढतो, नाही असं नाही. पण त्याची मान कायम ताणलेली राहते आणि इंजिनाच्या उष्णतेत तिथेच चीर जाते. तसं असेल तर बूट बदलून आणा. बूट ८ चाच असेल आणि तरी घट्ट लागत असेल, तर मात्र माल चांगला आहे.

तो घट्ट असायलाच हवा. इग्निशन कॉइलकडून येणारा विजेचा दाब पंधरा-वीस हजार व्होल्टच्या घरातला असतो. प्लगच्या टोकाची फट एक मिलिमीटरपेक्षा कमी असली तरी सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पाडायला एवढा जोर लागतो. बाहेरून, चिनी मातीच्या अंगावरून खालच्या षटकोनी नटापर्यंत सोपी वाट मिळाली, तर वीज तिकडेच पळते. बूट ती वाट बंद करतो. मुंबईच्या पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर गाडी मिस मारायला लागते, तेव्हा बरेचदा कुठला तरी सैल किंवा तडकलेला बूटच सापडतो. म्हणून बूट आतून कानस मारून मोठा करायचा विचारही करू नका.

आता चढवायचा कसा? वायरचं टोक धारदार ब्लेडने सरळ, काटकोनात कापा. वायरला पुसून घ्या, कारण नव्या वायरवर पावडर असते. बूट पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवून आतून कोरडा करा. तेवढ्यानेही रबर बरंच नरमतं. लायटर किंवा हीट गन नको. मग वायरवर आणि बुटाच्या मानेत आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. ओलं असेपर्यंत निसरडं असतं आणि नंतर उडून जातं, मागे काही उरत नाही. फक्त हात भरभर चालवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय गाडी सुरू करू नका. दुसरा पर्याय म्हणजे सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, अगदी पातळ थर. ते तिथेच राहतं आणि ओल अडवतं.

कासार बांगडी भरताना हाताला साबण लावतो, तसा इथेही लावायचा मोह होतो. भांड्यांच्या लिक्विडमध्ये बहुधा मीठ असतं. ते आत राहिलं आणि ओल धरली की विजेला वाट मिळते. त्यामुळे मी साबण टाळतो.

एवढं करूनही अडला तर पंक्चरवाल्याकडे जा. वायरचं टोक मानेत थोडं घुसवा आणि बुटाच्या रुंद तोंडातून कॉम्प्रेसरची हवा मारा. तोंडाभोवती फडकं धरून हवा बाहेर पडू देऊ नका. मान क्षणभर फुगते, तेवढ्यात वायर आत ढकला. सायकलच्या हँडलची ग्रिप अशीच चढवतात. डोळ्यावर चष्मा असू द्या.

क्रम चुकला तर हे सगळं वाया. आधी बूट, मग टर्मिनल. बूट वायरवर चांगला वीतभर मागे सरकवून ठेवा. टोकाचं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला. आतल्या तारेला किंवा कार्बनच्या दोऱ्याला ब्लेड लागू देऊ नका. ती तार किंवा तो दोरा उलटा वळवून आवरणाच्या अंगावर बसवा आणि त्यावर टर्मिनल दाबा, म्हणजे धातूला धातू किंवा कार्बन नीट टेकेल. साध्या पकडीने टर्मिनल चपटं होऊन आवरण फाटतं, म्हणून प्लग वायरची क्रिम्पिंग पकडच वापरा. स्वतःची नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून एवढं करून घ्या. टर्मिनल आधीच दाबून झालं असेल आणि वायरचं दुसरं टोक मोकळं असेल, तर बूट त्या बाजूने ओवून आणा. जोर लावून टर्मिनलवरून ओढाल तर रबर आतून खरवडलं जाईल.

बूट खाली ओढण्याआधी दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावा आणि वायर हलवून बघा. तांब्याच्या वायरचा रोध जवळपास शून्य येईल, कार्बनच्या दोऱ्याचा काही हजार ओम. आकडा लांबीप्रमाणे बदलतो, पण वायर हलवताना उडत असेल तर क्रिम्प (दाबून केलेला जोड) कच्चा आहे. काटकोनी बुटाची दिशा इथेच ठरवा, नंतर फिरवताना नाकी नऊ येतात.

प्लगवर बसवताना बूट दाबला की बाहेर उडतो, अशी तक्रार पुढे येईलच. आत हवा कोंडते, म्हणून. बुटाच्या कडेखाली एक बारीक केबल टाय सरकवा, बूट पूर्ण दाबा, हवा निघाली की टाय ओढून घ्या. टर्मिनल ‘टक्’ करून बसलं पाहिजे. बसत नसेल तर प्लगच्या टोकावरचा छोटा गोल नट आहे का ते पाहा. काही प्लगना तो वेगळा येतो आणि पिशवीतच राहतो. वायरी एकेक करूनच बदला, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा १-३-४-२ हा क्रम गोंधळणार नाही. पुढे कधी काढायच्या झाल्या तर बूट पिळून सोडवा, वायरला धरून ओढू नका.