डायल नकली निघाली, पण पॉलिश कोणी करायला सांगितलं?

जुन्या घड्याळांच्या हौशी मंडळींकडून असा प्रश्न सारखा येतो. 'मूळ डायल, १९६९ चं' हे वर्णन वाचून तुम्ही एका संग्राहकाकडून सेको ६१३९ हे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं मनगटी घड्याळ, घेतलंत. सर्व्हिसिंगला दिल्यावर घड्याळजीने डायल नंतर बसवलेली असल्याचं सांगितलं. आता विकणारा दाद देत नाही, आणि घड्याळ परत करून पैसे मिळतील का, असं तुम्ही विचारता.

तुमचा दावा अडकतो तो तुमच्याच एका वाक्यापाशी: 'डायलचं कळलं, पण घड्याळ उघडलंच होतं म्हणून केस (बाहेरची धातूची पेटी) पॉलिश करून घेतली, काटेही बदलले.' १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ४२ वाचा. माल ताब्यात आल्यावर विकणाऱ्याच्या मालकीशी विसंगत काही केलंत, की तुम्ही माल स्वीकारला असं धरलं जातं. वाजवी वेळेत नकार न कळवता ठेवून घेतलात, तरी तेच. नुसतं तपासायला झाकण उघडलं असतंत तर कलम ४१ चा, म्हणजे माल तपासून पाहण्याच्या हक्काचा, आधार होता. पण घासून गेलेल्या कडा कुठून परत आणणार? आणि हे सगळं डायलचं कळल्यावर! त्या दिवशी विकणाऱ्याला दोन ओळी लिहिल्या असत्यात, तर आज घड्याळ परत करता आलं असतं.

आता उरते कलम ५९ ची नुकसानभरपाई: वर्णनाप्रमाणे असतं तर जी किंमत झाली असती, ती आणि आहे त्या घड्याळाची किंमत, यांतला फरक. विकणाऱ्याला डायलबद्दल ठाऊक होतं हे सिद्ध करता आलं, तर चित्र कदाचित बदलेल.

१९६९ ला भाव आहे, कारण पहिली ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ यंत्रं, म्हणजे झेनिथची एल प्रिमेरो, ह्यूअर-ब्रायटलिंग मंडळींची कॅलिबर ११ आणि ही ६१३९, त्याच वर्षी आली. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या झाकणावरचा क्रमांक २ ने सुरू होतो. सेकोच्या त्या काळच्या क्रमांकात पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिन्याचा. म्हणजे हे झाकण १९७२ चं. घेताना वाचलं असतंत तर? अर्थात झाकणही बदललेलं असू शकतं, म्हणून या मुद्द्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही.

पावतीवरच्या 'परत घेणार नाही'चा अर्थ नेमक्या शब्दांवर ठरेल. विकणारा नेहमी घड्याळं विकत असेल तर ग्राहक आयोगात जाता येईल, तिथे मुदत दोन वर्षांची. एकदाच विकणारा हौशी असेल तर दिवाणी न्यायालय, साधारण तीन वर्षांची मुदत. आणि मग तारखांवर तारखा.

तेव्हा नोटीस याच आठवड्यात पाठवा, आणि तीत फरकाची रक्कम मागा. घड्याळजीकडून डायलबद्दल लेखी घ्या, जुने काटे परत मागा, विकणाऱ्याचे मेसेज तारखेसह जपा. निकाल लागेपर्यंत घड्याळ विकू नका आणि कुणाकडे दुरुस्तीलाही देऊ नका.